अणवेकरांच्या वहीतली नोंद

मोमीन सरांनी दोन सीडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधल्या जागेत आपला चष्मा काढून ठेवला.

"यांतली एक न्यायची," ते म्हणाले. "दोन्ही नेल्यात तर दोन्ही अर्ध्या राहतील. बघितलंय मी."

एका सीडीवर त्यांनी निळ्या शाईने 'मायएसक्यूएल' लिहिलं होतं, दुसरीवर 'पोस्टग्रेस'. माहिती साठवायच्या या दोन्ही प्रणाली फुकट मिळतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"फरक काय सर?"

"पुष्कळ. पण तुम्हाला दीड महिन्यात दिसेल तो एकच. ही पहिली, माझ्या वर्गात जशी बसवलीय तशी, समजुतीची आहे. तारखेच्या जागी काही लिहिलं नाहीत तर शून्यं घालून पुढं जाते. कुरकुरते, पण हळू आवाजात. सगळे हिच्यापासूनच सुरुवात करतात. नोकऱ्याही हिच्याच जास्त."

"आणि दुसरी?"

"ती वाद घालते. नियम तुम्हीच घालून द्यायचे, आणि मग ती तुम्हालाच ते मोडू देत नाही. माझी निम्मी पोरं वैतागून पळाली."

मी दोन्ही सीडींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वाद घालणारी द्या."

सरांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी कुणी वाद घालणारं नाही वाटतं, रेवणकरताई?"

"नाही."

"मग न्या. होईल सवय."

याला आता अठरा वर्षं झाली. गाव गडहिंग्लज. माझे वडील दत्तोपंत रेवणकर आमच्या ज्ञातीच्या वधूवर सूचक मंडळाचे चिटणीस होते, आणि मंडळाचं कार्यालय म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. त्या खोलीला दोन दारं होती. एक रस्त्यावर उघडायचं, दुसरं माजघरात. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, बी.कॉम. झाल्यावर, मी त्या खोलीत पाकिटांवर पत्ते लिहायला बसले आणि नऊ वर्षं बसूनच होते. लोक रस्त्याच्या दाराने येत, मुलामुलींची माहिती देत, स्थळांचे पत्ते घेऊन जात. मी माजघराच्या दाराने येई आणि माजघराच्या दाराने परत जाई.

मी एकतीस वर्षांची होते. माझं लग्न ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला दोन-चार महिन्यांनी मी विचारत असे, "अप्पा, काही आलं का?" अप्पा म्हणत, "बघतोय." पुढे पुढे मी विचारायचं सोडलं. दुसऱ्यांच्या पाकिटांवर पत्ते लिहिताना आपल्याला कुणी विचारत नाही, ही गोष्ट माणूस हळूहळू स्वतःशी मान्य करत जातो.

त्या वर्षी संक्रांतीला माझी पुण्याची मावसबहीण सुचेता हिचा फोन आला. "आमच्या कंपनीत मे महिन्यात दोन जागा निघतायत. पदवी कुठलीही चालते. परीक्षा घेतात, डेटाबेसवर. फुकटातला कुठला तरी एक शीक, पण पक्का शीक. आणि वैजू, तिथे बसून तुला कुणी बोलवायला येणार नाही."

नेमका त्याच सुमारास एका सभासदाने मंडळाला जुना संगणक दिला होता. पाडव्याच्या मेळाव्याआधी सगळी नोंदवही त्यात गेली पाहिजे, असं कार्यकारिणीने ठरवलं. म्हणून मला मोमीन सरांच्या वर्गाला जायची परवानगी मिळाली. पुण्याच्या परीक्षेचं मी सांगितलं तेव्हा मात्र अप्पा हातातल्या पाकिटाचा डिंक वाळेपर्यंत ते दाबून बसले होते.

"मेळाव्याआधी झाडून सगळ्या नोंदी त्यात गेल्या पाहिजेत," शेवटी ते म्हणाले. "मग जा परीक्षेला. पण एक जरी राहिली, तरी पुण्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मी म्हणाले. चारशे बारा नोंदी होत्या.

पहिला वाद वयावरून झाला. आमच्या नोंदवहीत सगळा मजकूर शाईने लिहिलेला असे. वय तेवढं पेन्सिलीने. दर पाडव्याला अप्पा रबर घेऊन बसत आणि प्रत्येकाचं वय एकाने वाढवत. मुली सत्तावीसला पोचल्या की थांबत. कुणी कुणाला फसवत होतं असं नाही. हे सगळ्यांनाच माहीत असे आणि पाहायला येणारे मनातल्या मनात दोन-चार वर्षं मिळवून घेत. सर म्हणाले, "वय साठवायचं नसतं ताई. जन्मतारीख साठवायची. वय यंत्र काढतं." ते मी घरी येऊन अप्पांना सांगितलं.

"म्हणजे दर वर्षी आपोआप वाढणार?"

"हो."

"आणि थांबवायचं झालं तर?"

"थांबत नाही अप्पा."

अप्पांनी हातातल्या रबराकडे पाहिलं. "हे करणाऱ्याला मुलगी नसावी," ते म्हणाले.

दुसरी गोष्ट स्थितीची. वहीत ज्या नोंदी बंद झालेल्या, त्यांच्या क्रमांकाभोवती एक गोल काढलेला असे आणि खाली कारण आणि तारीख. स्थितींची यादी अप्पांनी स्वतः सांगितली. "घे. चालू. विवाह ठरला. उमेदवाराची इच्छा. निधन. झालं. तीस वर्षांत पाचवं लागलेलं नाही." शिवाय दोन नियम सांगितले: 'चालू' सोडून दुसरं काही असेल तर तारीख हवीच, आणि 'उमेदवाराची इच्छा' असेल तर त्याच्या सहीच्या पत्राचा क्रमांक हवा. "आणि वहीत असेल तेच. आपल्या मनाचं अक्षर घालायचं नाही."

मी ती यादी वेगळ्या तक्त्यात ठेवली आणि सगळे नियम पोस्टग्रेसला बांधून दिले. सरांनी सांगितलं होतं ते खरं निघालं. मी चुकले की ती थांबे. एका ओळीत कारण सांगे आणि नोंद बाहेरच ठेवी. नेसरीच्या एका मुलाची जन्मतारीख वहीत एकतीस जून होती. तिने घेतली नाही. मी त्याच्या घरी फोन केला, तर त्याची आई म्हणाली, "अहो, शाळेनं घेतली की हो! तुमच्या मशीनला काय झालं घ्यायला?" शेवटी पत्रिकेचं पाकीट उघडून खरी तारीख काढावी लागली. अशी किती पाकिटं उघडली, किती फोन केले. सोपी सीडी घेतली असती तर आठ दिवसांत काम संपलं असतं, हे रोज एकदा तरी मनात येई. मेळावा जवळ येत होता, आणि रस्त्याच्या दाराशी पोचायला मला अजून दीडशे नोंदी, मग ऐंशी, मग वीस ओलांडायच्या होत्या.

पाडव्याच्या चार दिवस आधी चारशे एक नोंदी झाल्या. राहिल्या अकरा, आणि त्या आमच्या घरात नव्हत्या.

मंडळाचा एक जुना दंडक होता. पदाधिकाऱ्यांच्या स्वतःच्या मुलामुलींच्या नोंदी मुख्य वहीत ठेवायच्या नाहीत. चिटणीसाने आपल्या मुलीसाठी चांगली स्थळं बाजूला काढली, असं कुणाला म्हणायला जागा राहू नये, म्हणून त्या एका वेगळ्या वहीत अध्यक्षांच्या घरी असत आणि त्यांच्यासाठी आलेल्या चौकशाही अध्यक्षच पाहत. अप्पांना या दंडकाचा फार अभिमान होता. माझी नोंद त्या वहीत होती. नऊ वर्षांत मी ती वही पाहिली नव्हती.

अध्यक्ष वामनराव अणवेकर दुपारी ती वही पिशवीत घालून स्वतः घेऊन आले. अप्पा मेळाव्याच्या पुस्तिकेची मुद्रितं पाहायला छापखान्यात गेले होते.

"घे बाळ, तुझी अकरा रत्नं," काका खुर्चीत बसत म्हणाले. "त्यातलं तिसरं माझं. त्याची उंची जरा सांभाळून लिही."

"वहीत असेल तीच लिहीन काका."

"बापाचीच लेक!"

मी चहा दिला आणि टंकायला बसले. दहा नोंदी तासाभरात झाल्या. काकांच्या मुलाची उंचीसुद्धा आहे तशी गेली. अकरावं पान माझं होतं. नाव काकांच्या टपोऱ्या अक्षरात. शिक्षण, रंग, उंची. वय पेन्सिलीने: चोवीस. आणि क्रमांकाभोवती गोल.

मला पहिल्यांदा वाटलं, काकांचा हात चुकला असेल. पण गोल नीट, दोनदा गिरवून काढलेला होता. त्याखाली कारण नव्हतं, तारीख नव्हती.

मी आहे तसं टंकलं. स्थितीची जागा रिकामी ठेवली. पोस्टग्रेसने नोंद घेतली नाही: स्थिती रिकामी चालणार नाही.

"काका," मी म्हणाले, "माझ्या नोंदीला गोल का आहे?"

काकांनी बशीतला चहा संपवला. "का म्हणजे? बंद आहे म्हणून."

"बंद कुणी केली?"

"अगं, असं काय विचारतेस? दत्तोपंतच आले होते सांगायला. मुलीची लग्नाची इच्छा नाही, म्हणाले. मंडळाच्या कामाला वाहून घ्यायचं म्हणते. मी दोनदा विचारलं, पक्कं का? पक्कं म्हणाले." ते बोलता बोलता थांबले. माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. "तुझीच इच्छा होती ना?"

"त्यानंतर कुणी विचारलं होतं?"

"कुणाला?"

"मला."

काकांनी रुमाल काढला, पण कपाळ पुसायचं विसरले. "विचारलं की. आजऱ्याचं एक होतं, शिक्षक. रत्नागिरीचं एक. निपाणीचे तर दोन वर्षं दर मेळाव्याला विचारायचे, चिटणिसांच्या मुलीचा विचार बदलला का म्हणून. चार-पाच असतील. मी आपला सांगत आलो, तिची इच्छा नाही." मग घाईने म्हणाले, "हे बघ, त्यात 'उमेदवाराची इच्छा' टाक. आजची तारीख घाल. होऊन जाईल काम."

"पत्राचा क्रमांक मागते ती."

"मग घाल कुठला तरी."

मी हात मांडीवर घेतले. पडद्यावर ती एक ओळ तशीच होती. निपाणीच्या लोकांचा पत्ता मला पाठ होता. त्यांच्या मुलासाठी मीच दोन वर्षं पाकिटं लिहिली होती.

अप्पा पाचच्या सुमारास आले. हातात मुद्रितांची गुंडाळी, टोपीवर धूळ. काका उठायला लागले.

"बसा काका," मी म्हणाले. "वही तुमची आहे."

अप्पांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "किती झाल्या?"

"चारशे अकरा."

"वा! मग एक कुणाची राहिली?"

"माझी."

अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्यांना ती लावायला नेहमीपेक्षा वेळ लागला. काका भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले सण वाचत होते.

"काय अडलंय?"

"गोल आहे. कारण नाही, तारीख नाही. ती घेत नाही."

"मग 'चालू' टाक. आपल्या घरचं आपण..."

"वहीत गोल आहे अप्पा. वहीत असेल तेच, म्हणालात."

"बरं, 'उमेदवाराची इच्छा' टाक."

"माझं पत्र कुठे आहे?"

अप्पा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "त्या मोमीनला विचार. एखादा नियम काढता येत असेलच की."

"येतो. एक ओळ लिहिली की निघतो. मला येते ती ओळ."

"मग काढ."

"नाही काढणार."

त्या खोलीत मी अप्पांना पहिल्यांदाच नकार दिला होता. काकांनी दिनदर्शिकेवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"कारण तुम्ही सांगा," मी म्हणाले. "सांगाल ते मी यादीत घालीन. पाचवं म्हणून घालीन. नाहीतर राहू दे ही एक नोंद बाहेर."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय करून बसले होते ते. एक जरी राहिली तरी पुण्याचं नाव काढायचं नाही, आणि मी 'कबूल' म्हणाले होते. आता अप्पांनी काही करायची गरज नव्हती. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. चार दिवस गप्प बसले असते तरी मी नियमाने त्या खोलीत राहिले असते, आणि गप्प बसणं त्यांना चांगलं जमत होतं.

अप्पांनाही ते कळलं असावं. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, जिथे मुलींचे बाप बसत तिथे.

"तुला पाहून गेलेल्या बेळगावच्या लोकांचा नकार आला," ते म्हणाले, "तेव्हा तू तीन दिवस या खोलीत आली नाहीस. आठवतं?"

"आठवतं."

"चौथ्या दिवशी आलीस आणि एकशे चाळीस पाकिटं लिहिलीस. मान वर केली नाहीस. जेवलीही नाहीस. मी तिथून बघत होतो." त्यांनी माजघराच्या दाराकडे बोट केलं. "तुझी आई असती तर काही बोलली असती. मला काय बोलावं ते सुचेना. संध्याकाळी वामनरावांकडे गेलो आणि गोल काढायला सांगितला. म्हटलं, निदान नकार तरी यायचा नाही."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर निपाणीचे लोक दोन वर्षं विचारत होते."

अप्पांनी मुद्रितांची गुंडाळी गुडघ्यांवर उभी धरली, आडवी केली, पुन्हा उभी धरली. बाहेर रस्त्यावरून कोल्हापूरची एस.टी. गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"नंतर काम बरं चाललं होतं," ते हळू म्हणाले. "घरही चाललं होतं. वाटायचं, पुढच्या पाडव्याला सांगू. पाडवा आला की वाटायचं, आता कसं सांगणार?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला त्यांचाच राग आला.

"कारण सांगा," मी म्हणाले.

"लिही." अप्पांचा आवाज चिटणिसाचा झाला, कार्यकारिणीचा ठराव सांगताना होई तसा. "चिटणिसांच्या इच्छेवरून."

मी यादीच्या तक्त्यात पाचवी ओळ घातली. मग माझी नोंद पुन्हा टंकली. जन्मतारीख, शिक्षण, उंची, स्थिती पाच.

"तारीख?" मी विचारलं. वहीत ती नव्हती, म्हणून मला वाटलं, ते दिनदर्शिकेकडे पाहतील, काकांना विचारतील, सुमार सांगतील.

"सोळा डिसेंबर एकोणीसशे नव्याण्णव," अप्पा म्हणाले. "गुरुवार."

मी ती घातली आणि कळ दाबली. पोस्टग्रेसने कुठलाही वाद घातला नाही.

"पुढची?" सवयीने अप्पांनी विचारलं.

"ही शेवटची होती."

ते उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून त्यांनी हात उचलला, आणि त्या हातात मुद्रितांची गुंडाळी आहे हे लक्षात येऊन खाली घेतला. मग माजघराच्या दाराने आत गेले.

मे महिन्यात मी पुण्याला परीक्षा दिली. लेखी झाल्यावर एका बाईंनी विचारलं, सगळे मायएसक्यूएलपासून सुरुवात करतात, तुम्ही पोस्टग्रेसच आधी का शिकलात? मी म्हणाले, सरांनी एकच न्यायला सांगितली होती. त्यांनी ते लिहून घेतलं. जूनमध्ये नोकरीसाठी मी रस्त्याच्या दाराने बाहेर पडले, तेव्हा अप्पा माझी वळकटी उचलून एस.टी. स्टँडपर्यंत आले आणि खिडकीपाशी उभे राहून कंडक्टरला दोनदा म्हणाले, "पुण्याला उतरवा हं हिला."

त्यानंतर ते आठ वर्षं चिटणीस होते. संगणकावर ते स्वतःच बसू लागले. सत्तरीला टेकलेले अप्पा एका बोटाने टंकत. दर पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येई. आधी जेवणखाण, मग पाऊसपाणी, मग मेळाव्याची तयारी. मला ठाऊक असे की शेवटी तो प्रश्न यायचाच आहे, आणि त्यांनाही ठाऊक असे की माझं उत्तर काय असणार.

"वैजू, ते वय आपोआप वाढतं बघ. मुली नाराज होतात. कुठे थांबवता येत नाही का?"

"नाही येत अप्पा."

"बरं," ते म्हणत. आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा विचारत.